भाषा हातांची असेल तर व्याकरण वेगळं असतं का?

कर्णबधिरांची सांकेतिक भाषा म्हणजे मराठी किंवा हिंदीचेच हातवारे, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. सांकेतिक भाषांना स्वतःचं व्याकरण असतं. अमेरिकन सांकेतिक भाषेतली खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल या घटकांनी बनते, हे विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्ये दाखवलं.

माध्यमामुळे काय बदलतं?

जगभरातल्या भाषांची तुलना करून त्यांचे प्रकार ठरवणारी भाषाविज्ञानाची एक शाखा आहे. तिचा अभ्यास बराच काळ बोलल्या जाणाऱ्या भाषांपुरताच होता. सांकेतिक भाषा त्यात आल्यावर माध्यमाचा परिणाम दिसू लागला. तोंडातून शब्द एकामागून एक येतात. सांकेतिक भाषेत हात, चेहरा आणि मान एकाच वेळी अर्थ सांगतात. 'हो किंवा नाही' उत्तराचा प्रश्न विचारताना भुवया उंचावणं बहुतेक सांकेतिक भाषांमध्ये आढळतं.

मग सगळ्या सांकेतिक भाषा सारख्याच?

नाही. भाषातज्ज्ञ उलरिके झेशान यांनी 30हून अधिक सांकेतिक भाषांमधले प्रश्न आणि नकार तपासले, तेव्हा बरेच फरक दिसले. जर्मन सांकेतिक भाषेत नकारासाठी नुसती मान हलवली तरी चालते. इटालियनमध्ये मात्र नकाराची हाताची खूण करावीच लागते.

भारतीय सांकेतिक भाषेचं उदाहरण आणखी रंजक आहे. मराठीत 'काय', 'कोण', 'कुठे' असे वेगवेगळे शब्द आहेत. भारतीय सांकेतिक भाषेत या सगळ्यांसाठी मुळात एकच प्रश्नखूण असून ती वाक्याच्या शेवटी येते. 'जागा' अधिक प्रश्नखूण म्हणजे 'कुठे', 'चेहरा' अधिक प्रश्नखूण म्हणजे 'कोण'.

म्हणजे काही गोष्टी माध्यम ठरवतं, तर काही प्रत्येक भाषा स्वतः ठरवते.

याचा उपयोग काय?

मराठी वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला त्याच क्रमाने एकेक खूण केली, तर ती भारतीय सांकेतिक भाषा होत नाही. त्यामुळे कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्यांना आणि दुभाष्यांना तिचं व्याकरण वेगळं शिकावं लागतं. या भाषेच्या संशोधन आणि प्रशिक्षणासाठी 2015 मध्ये दिल्लीत केंद्र सरकारची संस्था सुरू झाली. तिने 2018 मध्ये 3,000 शब्दांचा पहिला कोश काढला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे. मात्र कोशातून खुणा कळतात. वाक्य कसं बांधायचं, हे व्याकरणच सांगतं.