मातीचा किल्ला आणि गोदेचा पूर

दिवाळीत मातीचा किल्ला करण्याची चाल मूळची पुण्या-साताऱ्याकडची. ती आमच्या परभणीच्याही काही अंगणांत आली आहे. विटा-धोंडे रचावेत, मोंढ्यातले फाटके बारदान चिखलात बुडवून त्यांवर पसरावे, वरून मातीचा हात द्यावा आणि हळीव पेरावे. आमची काळी माती मात्र मोठी खोडकर. वाळू लागली की भेगाळते. तिच्यात भुसा व शेण कालवून पातळ थर द्यावा, म्हणजे बुरूज टिकतो.

हे सर्व आम्हांस आवडते. पण दर वर्षी एकच प्रश्न मनात येतो. किल्ला झाला, महाराज सिंहासनावर बसले, मावळे पहाऱ्यास लागले. आता लढाई कोठे? जिंतूर-गंगाखेडकडच्या टेकड्या सोडल्या तर आपला मुलूख सपाट. आपल्याकडे इतिहास घडला तो बहुधा मैदानात आणि नदीच्या उतारावर.

इतरांनी हा खेळ मैदानावर नेला. 1812 साली प्रशियाच्या राजापुढे रायस्वित्झ नावाच्या गृहस्थाने युद्धखेळाचे मेज मांडले; त्यावर डोंगर-नद्यांचे चौकोन हवे तसे जुळवून नवा मुलूख तयार करता येई. पुढे 1913 मध्ये कादंबरीकार वेल्सने ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तकच लिहिले. त्याचे सैनिक खेळण्यातले, घरे ठोकळ्यांची, झाडे डहाळ्यांची. पैसेवाल्यांचेच हे काम, असे कोणी समजू नये.

आम्ही सुचवितो ते राक्षसभुवन. बीड जिल्ह्यातले हे गाव गोदावरीच्या दक्षिण तीरावर, आपल्या पाथरी-गंगाखेडच्या वरच्या अंगास. 10 ऑगस्ट 1763 रोजी, ऐन पावसाळ्यात, निजाम अली फौजेचा एक भाग घेऊन नदीपार झाला होता. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राहिला. माधवराव पेशव्यांनी त्याला तेथेच गाठले. दिवाण पडला, आणि पुरामुळे पलीकडचा धनी काही करू शकला नाही. एका नदीने फौजेचे दोन तुकडे केले, हे पाठ्यपुस्तकातल्या ओळीपेक्षा मेजावर लवकर कळते.

मांडणी सोपी आहे. जुन्या दाराची फळी घ्यावी. मधोमध नदीचा पट्टा सोडून दोन्ही काठ मातीने उंच करावेत. दरडी उभ्याच ठेवाव्यात, गोदेच्या काठाला तेच शोभते. पट्ट्यात चुन्याची निवळी देऊन वर गढूळ रंग फिरवावा. निळा नको! पुराचे पाणी निळे कोणी पाहिले आहे? बाभळीच्या वाळक्या काटक्यांना सरस लावून हिरवा रंगविलेला लाकडाचा भुसा चिकटवला की झाड झाले. जुन्या धोतराच्या चिंध्यांचे तंबू करावेत. नावा मात्र थोड्याच ठेवाव्यात. त्या पुरेशा असत्या तर दिवाणाला मागे राहावे लागते ना.

आणखी एक. फौजा पोटावर चालतात, आणि त्या काळी लष्करांना धान्य पुरवीत ते बैलांवर गोण्या लादून हिंडणारे बंजारे. इतिहासाच्या चित्रांत त्यांना जागा नसते. ओझे वाहणाऱ्यांत आमची हयात गेली, म्हणून ही उणीव आम्हांस जास्त बोचते. डोंगरी किल्ल्यावर तांडा बसविणे कठीण, पण फळीवर जागा भरपूर आहे. पोळ्याचे मातीचे बैल घरात असतातच. दोन-चार बैलांच्या पाठीवर बारदानाच्या इवल्याशा गोण्या शिवून टाकाव्यात आणि ते दक्षिण तीरावर, तंबूंच्या मागे उभे करावेत.