इंजिन ठोकायला लागतं तेव्हा

१८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी भोक पाडलेलं होतं. पण आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर यायला लागलं. टॉवर यांनी लाकडी खुंटी ठोकून भोक बंद केलं, तर खुंटीच हळूहळू बाहेर आली. मग तिथे दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता आणि काटा मात्र २०० च्या पुढे गेला.

फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढून नेतो आणि तेलाचा तो पातळ थर सगळं वजन पेलतो, धातूला धातू लागतच नाही, हे त्यातून उघड झालं. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. पुढे मोटारींची इंजिनं याच थराच्या भरवशावर फिरली, आणि तेलाअभावी बसली ती हा थर तुटला म्हणून.

सुरुवातीच्या मोटारींत बेअरिंगला आतून व्हाइट मेटल ओतलेलं असे. आयझॅक बॅबिट या अमेरिकी कारागिराने १८३९ मध्ये या बेअरिंगचं पेटंट घेतलं. कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा हा मिश्रधातू मऊ असतो. तेलातली बारीक कच तो स्वतःत रुतवून घेतो आणि क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य आसावर, ओरखडा येऊ देत नाही. पण तो साधारण २४० अंश सेल्सिअसलाच वितळू लागतो. तेल तुटलं की पहिला बळी त्याचाच जातो.

१९०८ ते १९२७ या काळात फोर्डची ‘मॉडेल टी’ दीड कोटींच्या घरात विकली गेली. तिला ना ऑइल पंप होता, ना दाब दाखवणारा काटा, ना डिपस्टिक. फ्लायव्हील तेल उडवायचं, त्यातलं थोडं एका नळीत पडून इंजिनाच्या पुढच्या टोकाला पोचायचं आणि तिथून उताराने मागे यायचं. तेल बघायचं तर गाडीखाली हात घालून दोन छोटे कॉक उघडावे लागत. खालच्यातून तेल आलं तर ठीक, वरच्यातूनही आलं तर जास्त झालं. लांब चढावर तेल मागे साचायचं, पुढच्या सिलिंडरचं बेअरिंग कोरडं पडायचं आणि ठोका सुरू व्हायचा.

इकडे मुंबईत शेवरोले गाड्या जुळवायला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली तेव्हा तिच्या ताफ्यातही शेवरोलेच्या गाड्या होत्या. शेवरोलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात पंप होता, पण कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल मिळायचं ते रॉडच्या बुडाशी असलेल्या पळीने. दर फेऱ्याला ती खालच्या पन्हळीतून तेल उचलायची. ही पद्धत थेट १९५३ पर्यंत टिकली. बेअरिंग वाजायला लागलं की मिस्त्री संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवायचे, टोपीखालची पातळ शिम काढायचे आणि निळा रंग लावून, जिथे डाग उमटेल तिथे घासून बेअरिंग बसवायचे.

पुढे बेअरिंगला बदलता येणारे पातळ शेल आले आणि हे हातकाम मागे पडलं. आता क्रँक ०.२५ मिलिमीटरने ग्राइंड करून त्या मापाचे शेल घालतात. कान मात्र आजही तोच लागतो. वरून येणारी टिकटिक टॅपेटची. चढावर जोर देताना येणारी किणकिण पेट्रोल अवेळी पेटल्याची. तिच्यावर टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शिशाचं संयुग शोधलं, आणि त्या शिशाच्या विषारीपणामुळे भारताने २००० मध्ये असं पेट्रोल बंद केलं. खालून येणारी जड ठकठक मात्र बेअरिंगची. जुने मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवून मूठ कानाशी धरतात, मग एकेका प्लगची वायर काढून बघतात. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका दबतो, त्याचा रॉड सैल झालेला असतो.

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या हडसन कंपनीने काट्याच्या जागी ऑइलचा दिवा आणला आणि हळूहळू तो सगळीकडे रुळला. इथेच एक गैरसमज रुजला. हा दिवा तेलाचा दाब सांगतो, पातळी नाही. रिंग झिजून तेल जळत असतं, संपच्या पॅकिंगमधून ठिबकत असतं, तरी दिवा गप्प असतो. पातळी फारच खाली गेली की वळणावर पंप हवा ओढतो आणि दिवा क्षणभर लुकलुकतो. तोवर थर तुटायला लागलेला असतो. मग बेअरिंग तापतं, शेल जागचा फिरतो, ठोका वाढतो, आणि तरीही गाडी दामटली तर रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो.

गाडी काढण्याआधी ऑइल-पाणी बघायची जुन्या ड्रायव्हरांची शिस्त या अनुभवातून आली होती. ती टिकवायला फारसं काही लागत नाही. सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतही जाऊ नका. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन तिथेच बंद करा.