सैन्यचिन्हसंग्रह

सैनिकी पदके, बिल्ले, हुद्द्याची चिन्हे, गणवेश आणि युद्धाशी निगडित वस्तू जमवून त्यांचा अभ्यास करण्याचा छंद (पहा : नाणकशास्त्र).

ब्रिटिश सैन्यात सर्व हुद्द्यांना सरसकट दिलेले पहिले पदक वॉटर्लूच्या लढाईचे (1815). त्याच्या कडेवर सैनिकाचे नाव कोरलेले असे. कडेवरील नाव, हुद्दा व पलटण यांमुळे पदक हे सेवापटांशी ताडून पाहता येणारे साधन ठरते. संग्राहकाच्या दृष्टीने हीच सर्वांत मोलाची बाब.

भारताशी संबंधित पदकांत 1851 मध्ये मंजूर झालेले ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक महत्त्वाचे. 1803 ते 1826 मधील लढायांसाठीच्या त्याच्या फितीवरील धातूच्या पट्ट्यांवर असई, खडकी, सीताबर्डी, कोरेगाव ही नावे आहेत (पहा : इंग्रज-मराठा युद्धे). लढायांनंतर अनेक दशकांनी ते फक्त हयात सैनिकांना मिळाले, म्हणून काही पट्ट्या अत्यंत दुर्मिळ आहेत. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश युद्धपदक सैनिकांना चांदीचे, तर मजूर पथकांतील अनेकांना काशाचे मिळाले. 1980 च्या सुमारास चांदी महागल्याने चांदीची असंख्य पदके वितळवली गेली, ही इतिहासाची भरून न येणारी हानी होय.

संग्रह जपताना काळजी घ्यावी लागते : लोकरी गणवेशांना कसर लागते. पदकांना वारंवार घासून चकाकी आणल्यास कोरीव नावे झिजतात. शिवाय नकली पट्ट्याही आढळतात.

भारतात पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खासगी व्यक्तींना परदेशी पाठवता येत नाहीत.