ज्वालेविना दहन

१८५५ सालच्या जुलै महिन्यात एके दिवशी मायकेल फॅरडे आगबोटीतून टेम्स नदीवरून चालला होता. पाण्याची दुर्गंधी आणि त्याचा तपकिरी गढूळपणा त्याला असह्य झाला. त्याने जवळची पांढरी कार्डे फाडली, चटकन बुडावीत म्हणून ती ओली केली आणि प्रत्येक धक्क्यापाशी काही तुकडे नदीत टाकले. लख्ख ऊन पडले होते. तरीही इंचभर खाली जाण्यापूर्वीच ते तुकडे दिसेनासे झाले. ही हकिकत त्याने लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राकडे लिहून पाठविली. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात त्याच दुर्गंधीने पार्लमेंटच्या सभासदांना हैराण केले, तेव्हा कोठे लंडनच्या नव्या गटारांच्या कामाला चालना मिळाली.

या प्रसंगात एक विलक्षण योगायोग आहे. याच फॅरडेने १८३३-३४ मध्ये विद्युद्विश्लेषणाचे नियम सिद्ध केले होते आणि ॲसेटिक अम्लाच्या लवणाच्या द्रावणातून विद्युत्प्रवाह सोडून धनाग्रावर निघणारे वायूही तपासले होते. नदीचे दुखणे आणि त्यावरील एक उपाय, दोन्ही एकाच माणसाच्या दृष्टीखालून गेली. परंतु त्यांची गाठ पडण्यास दीर्घ काळ जावा लागला.

सेंद्रिय अम्ले आपल्या परिचयाची आहेत. चिंचेत टार्टारिक, आंबुशीत ऑक्झॅलिक, व्हिनेगरमध्ये ॲसेटिक अम्ल असते. १८४९ मध्ये जर्मन रसायनज्ञ हेरमान कोल्बे याने ॲसेटिक अम्लाच्या लवणावर विजेचा प्रयोग केला, तो अम्लाचा नाश करण्यासाठी नव्हे, तर त्यातील ‘मेथिल’ हा मूलक सुटा करण्यासाठी. हाती आलेला वायू मेथिलच होय, अशी त्याची समजूत झाली. वस्तुतः दोन मेथिल जोडले जाऊन इथेन तयार झाला होता. अनुमान चुकले, परंतु धनाग्रावर अम्लाचा रेणू फुटतो, हे निर्विवाद ठरले.

विजेने गटाराचे पाणी शुद्ध करण्याचा प्रयत्न त्याच टेम्सच्या काठी झाला. १८८९ च्या सुमारास विल्यम वेबस्टर याने लंडनजवळील क्रॉसनेस येथे लोखंडी अग्रांमधून मैलापाणी नेऊन पाहिले. लोखंड विरघळून त्याचा साका गाळाला खाली बसवीत असे. पाणी निवळे; मात्र त्यात विरघळलेली अम्ले यामुळे जळत नव्हती. खर्चाच्या हिशेबात ही पद्धत टिकली नाही. १९१४ मध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टर येथे हवा व गाळातील जीवाणू यांच्या साह्याने मैलापाणी शुद्ध करण्याची रीत दाखविली आणि विजेचा विचार मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला तो कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे. रंग, औषधे यांच्या कारखान्यांतील पाण्यात जीवाणूच तग धरीत नाहीत. रासायनिक उपायांनी तेथील मोठे रेणू फोडीत गेले, की शेवटी ॲसेटिक, ऑक्झॅलिक अशी लहान अम्ले उरतात आणि त्यांच्यापुढे ओझोनसारखा तीव्र पदार्थही अडखळतो. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ख्रिस्तोस कॉम्निनेलिस यांनी १९९४ मध्ये या कोड्याची उकल मांडली. पाण्याच्या रेणूपासून धनाग्रावर हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतो. इरिडियम ऑक्साइडसारखे अग्र त्याला घट्ट बांधून ठेवते, म्हणून दहन अर्धवट राहते. कथिलाच्या ऑक्साइडसारखे अग्र त्याला सैल धरते, म्हणून तो सेंद्रिय पदार्थाला शेवटपर्यंत जाळतो. २००० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या पातळ थराचे अग्र वापरून फॉर्मिक, ऑक्झॅलिक आणि ॲसेटिक या तिन्ही अम्लांचे कार्बन डायऑक्साइड व पाणी यांत रूपांतर करून दाखविले.

ज्वालेविना होणाऱ्या या दहनाचे मोल मात्र फॅरडेच्याच नियमाने ठरते. ऑक्झॅलिक अम्लाच्या रेणूला जाळताना दोन इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, तर ॲसेटिक अम्लाच्या रेणूतून आठ. म्हणजे साठ ग्रॅम ॲसेटिक अम्ल नाहीसे करण्यास, एक कणही वीज वाया गेली नाही असे धरले तरी, एक अँपिअरचा प्रवाह सुमारे नऊ दिवस अखंड वाहावा लागतो. अग्र लोखंडाचे असो वा हिऱ्याचे, या जकातीत सूट नाही.

म्हणून शहरांच्या मैलापाण्यावर जीवाणूंचे राज्य अबाधित आहे, आणि ते योग्यच आहे. ते आपले काम हवेवर करतात. जेथे ते मरतात, तेथेच विजेची पाळी येते. वेबस्टरच्या काळी जो प्रश्न खर्चाचा म्हणून बाजूला पडला, तो आजही खर्चाचाच आहे. फरक एवढाच, की जकात भरली तर माल पोहोचतो, हे आता सिद्ध झाले आहे. ती न भरता तसेच सोडलेले पाणी नदीला मिळते आणि तिची किंमत काठावरचे लोक चुकवितात. फॅरडेने पाण्यात टाकलेले कागदाचे तुकडे हेच सांगत होते.