वानप्रस्थाचा व्हिसा

चार मराठी कुटुंबे जेवायला एकत्र जमली, की पूर्वी मुलांच्या शाळांचा विषय निघे. आता पन्नाशी जवळ आल्यावर "रिटायर झाल्यावर कुठे?" हा विषय निघतो. आम्हां वुडलँड्सकरांना त्याचे एक उत्तर सामुद्रधुनीपलीकडे रोज दिसते: जोहोर बाहरू. तिथे घर मोठे मिळते, खर्च कमी, आणि मुले सिंगापुरात राहिली तरी भेटीगाठी होऊ शकतात. मी संगणक-प्रोग्रॅम लिहिणारा माणूस, इतिहासकार नव्हे. पण नियमांच्या तारखा एकाखाली एक मांडल्या की या उत्तराकडे जरा सावधपणे पाहावेसे वाटते.

सुरुवात कॉजवेपासूनच करू. सुमारे एक किलोमीटर लांबीचा हा बांध १९२३ मध्ये आगगाड्यांसाठी खुला झाला आणि जून १९२४ मध्ये त्याचे रीतसर उद्घाटन झाले. तेव्हा दोन्ही तीरांवर इंग्रजांचाच अंमल होता. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियातून वेगळे झाले, तरी इथे पासपोर्ट तपासायला १९६७ साल उजाडले. ज्या पिढीने हा बांध गावातल्या पुलासारखा ओलांडला होता, तिला तिथे रांगेत उभे राहावे लागले. बांध तोच, पाणी तेच, नियम मात्र नवा.

निवृत्तांना बोलावण्याची कल्पना मलेशियाने १९९६ मध्ये प्रत्यक्षात आणली. 'सिल्व्हर हेअर' नावाची ती योजना पन्नाशीपुढच्या परदेशी लोकांसाठी होती. २००२ मध्ये तिचे 'मलेशिया माय सेकंड होम' असे नामांतर झाले आणि वयाची अट सैल झाली. पुढे बरीच वर्षे गणित साधारण असे होते: पन्नाशीपुढच्या अर्जदाराने दीड लाख रिंगिट बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचे, महिना दहा हजार रिंगिट परदेशी उत्पन्न दाखवायचे, आणि दहा वर्षांचा व्हिसा घ्यायचा. मध्यमवर्गीय नोकरदाराच्या आवाक्यातले हे आकडे होते.

२०२० मध्ये योजना स्थगित झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती परत आली तेव्हा ओळखू येईना. मासिक उत्पन्नाची अट दहा हजारांवरून चाळीस हजार रिंगिटवर गेली, ठेव दहा लाखांवर, आणि व्हिसा दहा वर्षांऐवजी पाच वर्षांचा झाला. वर्षातून किमान नव्वद दिवस मलेशियात राहण्याची अटही आली. तिथे घरे घेऊन स्थिरावलेल्या म्हाताऱ्या माणसांवर हे आकाश कोसळल्यासारखेच होते. खूप ओरड झाली, जोहोरच्या सुलतानांनीही टीका केली, तेव्हा कुठे जुन्या लोकांना आर्थिक अटींतून सूट मिळाली.

२०२४ मध्ये पुन्हा नवी मांडणी झाली: चांदी, सोने आणि प्लॅटिनम अशा तीन पायऱ्या. चांदीच्या पायरीलाच दीड लाख अमेरिकन डॉलरची ठेव, आणि वर घर विकत घेणे सक्तीचे. जोहोरमधल्या फॉरेस्ट सिटीसाठी मात्र सवलत ठेवली. पन्नाशीपुढच्यांना ३२,००० डॉलरची ठेव पुरते, पण घर तिथेच घ्यायचे. आपल्या पूर्वजांच्या वानप्रस्थाला व्हिसा लागत नसे. आता 'वन' नावातच उरले आहे आणि त्याला ठेवीची पावती लागते!

सिंगापुरात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. एम्प्लॉयमेंट पास नोकरीबरोबर संपतो. आईवडिलांना इथे दीर्घकाळ ठेवायचे तर पासधारकाच्या पगाराची मर्यादा २०१८ मध्ये महिना १०,००० वरून १२,००० सिंगापूर डॉलर झाली. म्हणजे आईचे गुडघे दुखोत वा न दुखोत, ती कुठे राहणार हे मुलाच्या पगारपत्रकावर ठरते.

मग राहिला भारत. ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले त्यांच्यासाठी १९९९ मध्ये पीआयओ कार्ड आले, त्यानंतर ओसीआय आले, आणि जानेवारी २०१५ मध्ये दोन्ही एक झाली. ओसीआयवर भारतात आयुष्यभर राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कोकणात आंब्याची बाग घेण्याची स्वप्ने पाहणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. वारसाहक्काने आलेल्या जमिनीची गोष्ट वेगळी.

या तारखांवरून मला इतके कळते, की निवृत्ताचा व्हिसा म्हणजे पाहुण्याला दिलेली खोली. यजमान कितीही अगत्यशील असला, तरी भाडे आणि मुदत तोच ठरवतो. चाळिशीत नियम बदलला तर माणूस दुसरी नोकरी शोधतो. पंच्याहत्तरीत, डॉक्टर आणि शेजारी ओळखीचे झाल्यावर बदलला, तर तो कुठे जाणार? म्हणून माझे मत असे: पलीकडे जरूर जावे, पण सगळी पुंजी एकाच घरात अडकवू नये, व्हिसाची मुदत संपल्यावर कुठे जायचे ते आधीच ठरवावे, आणि भारतातली कागदपत्रे जिवंत ठेवावीत. आणि हे सगळे पतीपत्नींनी मुलांना समोर बसवून, हातपाय चालत आहेत तोवरच बोलून घ्यावे.