रोझेलहून गेलेला अर्ज

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव मराठी घराघरांत ठाऊक आहे. परंतु त्यांच्या जीवनकथेतील एका कागदाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. २८ जून १८८३ रोजी न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावाहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिले आणि प्रवेश मागितला. ते पत्र आम्हांला त्यांच्या पदवीइतकेच मोलाचे वाटते.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याजवळ जी पूर्वतयारी असावी असे मानतात, ती त्यांच्याजवळ फारशी नव्हती. वय अवघे अठरा. शिक्षण बहुतांशी घरचे, टपाल खात्यात कारकून असलेल्या पतीने, गोपाळरावांनी, बदलीच्या गावोगावी दिलेले. मग अर्जात लिहावे तरी काय? आपल्याला अवगत असलेल्या भाषा आणि शालेय विषय त्यांनी सांगितले. प्रकृती ठीक असल्याचे कळवले. पुढे मात्र जे लिहिले ते कोणत्याही प्रमाणपत्रात मावणारे नव्हते. स्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने आपण या देशी आलो, तोच निर्धार अभ्यासही तडीस नेईल, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या देशभगिनी पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांच्यासाठी आपल्याला शिकायचे आहे. स्वतःसाठी काही नको, या कामास पात्र होण्यापुरते द्या, अशी त्यांची नम्र मागणी होती.

हे शब्द पुस्तकी नव्हते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत दगावला. वेळेवर वैद्यकीय मदत न मिळणे म्हणजे काय, हे त्या आई म्हणून जाणत होत्या.

इथे आम्हां ख्रिस्ती वाचकांनी एक प्रसंग प्रांजळपणे वाचला पाहिजे. गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापूरहून पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांकडे मदत मागितली होती. प्रोटेस्टंट मिशनरी वाइल्डर यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले. परंतु उत्तरात या दांपत्याने ख्रिस्ती व्हावे असा आग्रह होता. वाइल्डर यांच्या श्रद्धेविषयी आम्हांला शंका नाही. तथापि विद्या मागायला आलेल्याकडे आधी धर्मांतराची अपेक्षा ठेवणे आम्हांला रुचत नाही. तेच पत्र रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर या ख्रिस्ती गृहिणीच्या वाचनात आले, आणि तिने कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना आपल्या घरी बोलावले. आनंदीबाईंनीही २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात, म्हणजे मिशनरींनी स्थापिलेल्या संस्थेतच, ठणकावून सांगितले की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार. त्या ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या, आणि महिन्याच्या आत हा अर्ज लिहिला गेला.

हे कॉलेज १८५० साली क्वेकर पंथीयांच्या पुढाकाराने, स्त्रियांना वैद्यकाची दारे बंद असताना, निघाले होते. तेथील अधिष्ठाता रेचल बॉडली स्वतः रसायनशास्त्रज्ञ. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला. केवळ कणव आली म्हणून हे घडले, असे आम्ही मानत नाही. पदवीधर होऊन ही विद्यार्थिनी जिथे जाईल, तिथे तिच्याइतके उपयोगी दुसरे कुणी पडणार नाही, ही गोष्ट अर्जातच सिद्ध झालेली होती. (आज आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश 'नीट'च्या गुणांवर ठरतो. लाखो अर्जदारांत दुसरा निकष लावणे अवघड, हे मान्य. तरी काय पाहिले, काय सोसले, हे सांगायला त्या फॉर्मात रकानाच नाही.)

अर्जातील त्या संस्कृतचेही पुढे चीज झाले. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाने स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. १८७८ चे पत्रही कोल्हापूरहूनच गेले होते. पण मायदेशी परतल्या तेव्हा क्षयाने त्यांना पुरते ग्रासले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या विभागात त्यांना पाऊल ठेवता आले नाही.