इंजिनाचा उच्छ्वास

लढाया, तह आणि राजेरजवाडे यांचा इतिहास पुष्कळ लिहिला जातो. बोटभर जाडीच्या रबरी नळीचा कोणी लिहीत नाही. आज तो लिहावा म्हणतो. कारण या नळीचं तोंड कुठे सोडायचं, एवढ्या एका प्रश्नावरून अमेरिकेत पत्रापत्री झाली, कायदे झाले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि टर्बो गाड्यांच्या शौकिनांमध्ये तो वाद अजूनही मिटलेला नाही.

आधी ही नळी कशासाठी, ते सांगतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट पिस्टनच्या रिंगा बुजवतात, पण शंभर टक्के नाही. प्रत्येक स्फोटाबरोबर थोडा वायू रिंगांना चकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे जिथे ऑइल असतं त्या इंजिनाच्या पोटात, उतरतो. पुस्तकात याला 'ब्लो-बाय' म्हणतात, आपल्याकडच्या गॅरेजमध्ये 'बॅक कॉम्प्रेशन'. मेकॅनिक चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडतो, भकाभका धूर येताना बघतो आणि मान हलवतो, "रिंगा गेल्या, साहेब!" पण नव्याकोऱ्या इंजिनातही हा वायू थोडा असतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्लं असतात. तो कोंडून ठेवला तर ऑइलचा चिखल होतो, आणि दाब वाढला तर सीलमधून ऑइल गळायला लागतं. म्हणजे इंजिनाला उच्छ्वास सोडायला वाट हवीच.

पहिली वाट अगदी सोपी होती. बाहेर! क्रँककेसमधून एक पाइप गाडीखाली सोडायचा, त्याचं तोंड तिरकं कापायचं. गाडी पळाली की वाऱ्याने तोंडाशी ओढ तयार होते आणि आतला वायू खेचला जातो. त्या काळी अमेरिकेतल्या काँक्रीटच्या रस्त्यांवर प्रत्येक लेनच्या मधोमध एक काळपट पट्टा दिसायचा. तो वरून गेलेल्या असंख्य गाड्यांच्या ठिबकलेल्या ऑइलचा. कोणाला फारसं खटकलं नाही. रस्ता सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही!

दुसऱ्या महायुद्धात सैन्याची वाहनं खोल पाण्यातून न्यायची वेळ आली, तेव्हा हा उघडा पाइप अडचणीचा ठरला. त्यातून पाणी आत शिरणार. मग ती नळी बाहेर न सोडता एका छोट्या व्हॉल्व्हमधून इंजिनाच्या इनटेकलाच जोडली. विलिस जीपमध्ये अशी सोय होती. इंजिन आपलाच उच्छ्वास परत ओढून घेतं आणि जाळून टाकतं. म्हणजे उपाय १९४० च्या दशकातच हातात होता. पण तो सुचला पाणी आत येऊ नये म्हणून. घाण बाहेर जाऊ नये म्हणून तो वापरायला पुढे जवळजवळ वीस वर्षं लागली.

या वीस वर्षांची गोष्ट लॉस एंजेलिसमधली आहे. जुलै १९४३ मध्ये शहरावर असा धुरकट, डोळे झोंबवणारा पडदा पसरला की लोकांना तो जपानी वायुहल्ला वाटला. पुढे कॅलटेकमधले हागेन-स्मिट नावाचे डच रसायनशास्त्रज्ञ यामागे लागले. गृहस्थ आधी अननसाचा स्वाद कशामुळे येतो ते शोधत होते. गाड्यांमधून आणि तेलाच्या कारखान्यांतून निसटलेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि लख्ख ऊन यांतून हे विष शिजतं, असं त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. केनेथ हान या तिथल्या लोकप्रतिनिधीने १९५३ पासून मोटार कंपन्यांना पत्रं लिहायचा धडाका लावला. फोर्डकडून उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा की हे वायू हवेत लगेच विरून जातात, काळजीचं कारण नाही.

१९५९ मध्ये जनरल मोटर्सच्याच संशोधकांच्या लक्षात आलं की गाडीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनचा बराच मोठा वाटा धुरांड्यातून नव्हे, तर या दुर्लक्षित नळीतून येतो. मग मात्र १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून देशभर नव्या गाड्यांवर 'पीसीव्ही' व्हॉल्व्ह आला. एक स्प्रिंग, एक गोटी, एक नळी. गाड्यांवर सरसकट बसलेलं हे पहिलं प्रदूषणनियंत्रक साधन. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकन सरकारने कंपन्यांवर दावा लावला, की अशी साधनं उशिरा यावीत म्हणून तुम्ही संगनमत केलंत. पीसीव्हीचाही त्यात उल्लेख होता. त्याच वर्षी कंपन्यांनी गुन्हा कबूल न करता तडजोड केली.

योगायोग बघा, पीसीव्ही येत होता त्याच सुमारास, १९६२ मध्ये, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉरव्हेअर या टर्बोवाल्या गाड्या बाजारात आल्या. आणि टर्बोचं या व्हॉल्व्हशी मुळातच जमत नाही. साध्या पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये ओढ असते, तीच क्रँककेसमधला वायू खेचते. टर्बोने दाब दिला की तिथे ओढीच्या जागी दाब येतो. व्हॉल्व्ह बंद झाला नाही तर तो दाब उलटा इंजिनाच्या पोटात शिरणार. शिवाय जास्त दाबामुळे रिंगांना चकवणारा वायूही वाढतो. म्हणून कारखाने दोन वाटा ठेवतात. गाडी आरामात चालली की नेहमीची, आणि टर्बो जोरात असला की दुसरी, एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपात.

पण त्यातून ऑइलची वाफ टर्बोत, इंटरकूलरमध्ये जाऊन चिकटते. ऑइलमिश्रित हवेने नॉकिंग बळावतं. २००० च्या दशकात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी इंजिनं पसरली, तेव्हा आणखी एक दुखणं आलं. इनटेकच्या व्हॉल्व्हवर आता पेट्रोल पडत नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि काजळीचे थर बसतात. ते काढायला अक्रोडाच्या टरफलांचा चुरा फवारतात! टर्बो डिझेल ट्रकवाल्यांनी टर्बो आणि कूलर घाण होतात म्हणून अमेरिकेत सूटच मिळवली होती. ती २००७ च्या मॉडेलपासून गेली.

म्हणून शौकीन पर्याय शोधतात. नळी काढून टोकाला छोटा फिल्टर लावून मोकळी सोडणं सर्वांत स्वस्त. इनटेक स्वच्छ राहतो, पण ओढ गेल्याने ओलावा ऑइलमध्ये राहतो, केबिनमध्ये वास येतो, आणि आपण थेट १९५३ सालात परत जातो. एक्झॉस्टमध्ये तिरकी नळी घालून ओढ मिळवणं ड्रॅग रेसवाल्यांचं. टर्बो आणि सायलेन्सरच्या मागच्या दाबापुढे ते नीट चालत नाही. व्हॅक्यूम पंप उत्तम, पण महाग.

राहिला कॅच कॅन, म्हणजे ऑइल अडवणारा डबा. याचं मूळ शर्यतीत आहे. एफआयएच्या नियमांत उघड्या ब्रीदरचं ऑइल डब्यात पडलंच पाहिजे, २००० सीसीपर्यंत किमान २ लिटरचा, त्यावर ३ लिटरचा. ट्रॅकवर ऑइल सांडून मागच्याची गाडी घसरू नये म्हणून. आज तोच डबा आपण आपला इनटेक स्वच्छ राहावा म्हणून विकत घेतो.

मला या इतिहासात हेच दिसतं. उच्छ्वास थांबवता येत नाही, फक्त तो कोणाच्या नाकात जाणार हे ठरवता येतं. रस्ता, शहराची हवा, इंजिन, नाहीतर मालकाचा रविवार, यांपैकी कोणीतरी किंमत मोजतंच. मित्र विचारतात तेव्हा मी शेवटचा पर्याय सुचवतो. आत आडपडदे असलेला डबा घ्या, त्याची दुसरी नळी परत टर्बोच्या आधी जोडा, आणि दर ऑइल बदलाच्या आत दोन-तीनदा रिकामा करा. आणि हो, त्यातला तो कॉफीसारखा दिसणारा चिखल गटारात ओतू नका. गॅरेजमधल्या जुन्या ऑइलच्या पिंपात टाका.